लीला चिटणीस म्हणजे फक्त रडणारी आई नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत हिंदी पिक्चरमधल्या आयांवर जो मोठा लेख आला होता तो वाचला. लेख छान होता, निरुपा रॉय, सुलोचनाबाई, दुर्गाबाई खोटे सगळ्यांबद्दल भरभरून लिहिलं होतं, पण लीला चिटणीस यांच्या वाट्याला आल्या जेमतेम दोन ओळी आणि त्याही काय, तर राज कपूर, दिलीप कुमार, देव आनंद या तिघांची सोशिक, आजारी, रडणारी आई. खोटं नाहीये ते, तिघांच्याही आईचं काम त्यांनी केलंच. पण तेवढंच सांगून विषय संपवला हे मला अजिबात पटलं नाही, आणि हे फक्त तुमच्याच पेपरात झालंय असंही नाही, टीव्हीवर, युट्यूबवर, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये सगळीकडे हेच, म्हणून म्हटलं आता लिहायलाच हवं.

आई व्हायच्या आधी ही बाई हिंदी सिनेमातली आघाडीची हिरॉईन होती हो. आणि हिरॉईन व्हायच्या आधीचं आयुष्य तर अजूनच जबरदस्त आहे. १९०९ चा जन्म, धारवाडचा, माहेरचं आडनाव नगरकर, वडील इंग्रजीचे प्रोफेसर, त्यामुळे घरात पुस्तकं आणि शिक्षण. लग्न अगदी लहान वयात डॉक्टर गजानन चिटणीसांशी झालं, ते वयाने बरेच मोठे. दोघंही स्वातंत्र्य चळवळीच्या बाजूचे, आणि क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय पोलिसांपासून लपून फिरत होते तेव्हा या नवरा-बायकोने त्यांना घरात आसरा दिला होता, पकडले गेले असते तर दोघंही तुरुंगात. चार मुलं झाली आणि मग नवऱ्यापासून घटस्फोट. आजही आपल्याकडे घटस्फोटित बाईकडे लोक कसे बघतात ते सगळ्यांना माहितीये, ही तर नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट, पदरात चार मुलं, आणि बाई ग्रॅज्युएट. शाळेत शिक्षिकेची नोकरी केली, नाटकात काम केलं. नाट्यमन्वंतर ही संस्था तेव्हा नवीन होती, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या हा त्यांचा आग्रह, तिथे 'उसना नवरा' या नाटकात त्या होत्या. घर चालवायचं होतं, नाटकाच्या आणि शाळेच्या पैशात भागण्यासारखं नव्हतं, म्हणून सिनेमात गेल्या, आणि सुरुवात काय थेट हिरॉईन म्हणून नाही झाली, एक्स्ट्रा म्हणून उभं राहण्यापासून झाली, मग स्टंटपट वगैरे.

१९३६ ला मास्टर विनायकांचा 'छाया' आला, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, कथा वि. स. खांडेकरांची, त्यात त्या होत्या. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'वहाँ' आणि त्याच वर्षी 'जंटलमन डाकू', ज्यात त्यांनी पुरुषी कपडे घालून एका सफाईदार ठगाचं काम केलं, आणि जाहिरातीत त्यांना महाराष्ट्रातून पडद्यावर आलेली पहिली ग्रॅज्युएट सोसायटी लेडी असं म्हणून मिरवलं होतं. म्हणजे डिग्रीसुद्धा तिकिटं विकायला वापरली, पण मला विचाराल तर त्या जाहिरातीने एक चांगलं काम केलं, शिकलेल्या घरातल्या मुलींनी सिनेमात जायचं नाही या समजुतीला तिने धक्का दिला. दुर्गाबाईंनी पाच वर्षं आधी हा रस्ता उघडलाच होता, लीलाबाई त्याच रस्त्याने आल्या, फक्त फरक असा की घटस्फोट आणि चार मुलं हे सगळं बरोबर घेऊन आल्या.

१९३८ चा सोहराब मोदींचा 'जेलर' मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात त्या जेलरची बायको आहेत, कंवल, आणि ही बायको नवऱ्याच्या हुकूमशाहीला कंटाळून दुसऱ्या माणसाबरोबर घर सोडून जाते. १९३८ साली! ज्या बाईला आपण सोशिक सोशिक म्हणून फ्रेममध्ये घालून ठेवलंय ना तिने हा रोल केलाय.

मग मुंबईची मोठी फिल्म कंपनी बॉम्बे टॉकीज. तिथे तोवर हिरॉईन देविका राणी म्हणजे सर्वेसर्वा, दुसऱ्या कुणाला मोठा रोल मिळणं कठीण, पण १९३९ ला 'कंगन' मध्ये अशोक कुमारसमोर लीलाबाईंना घेतलं. डायरेक्टर फ्रान्झ ऑस्टेन, जर्मन माणूस, महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी त्याला उचलून नेला ते याच काळात. पिक्चर जोरात चालला. आता यातली गोष्ट लक्षात घ्या, तेव्हा लीलाबाई तिशीच्या होत्या आणि चार मुलांची आई होत्या, आणि पब्लिकने त्यांना खेड्यातली अल्लड प्रेमिका म्हणून डोक्यावर घेतलं. लग्न झालं, मुलं झाली की हिरॉईनला प्रेक्षक स्वीकारत नाहीत असं जे आजपर्यंत आपल्याला ऐकवलं जातं ते १९३९ सालीच खोटं ठरलं होतं. पाठोपाठ १९४० ला 'आझाद' आणि 'बंधन', बंधनमधलं कवी प्रदीपांचं 'चल चल रे नौजवान' हे गाणं तर सभांमध्ये, प्रभातफेऱ्यांमध्ये गायलं जायचं. १९४१ ला 'झूला'. किशोर-मन्नादांचं 'एक चतुर नार' सगळ्यांना पाठ आहे पण ते मूळचं याच झूलामधलं, अशोक कुमारांनी गायलेलं, हे किती जणांना माहिती असतं? लीलाबाई आपली गाणी स्वतःच गायच्या, प्लेबॅक नाही, संगीत सरस्वती देवींचं. आणि १९४१ लाच लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणारी पहिली भारतीय नटी कोण, तर लीला चिटणीस. तोपर्यंत त्या जाहिरातीत हॉलिवूडच्या बायका असायच्या. नंतर मधुबालापासून हेमा मालिनीपर्यंत सगळ्या त्या साबणाबरोबर दिसल्या, पहिलं नाव मात्र आपल्या या बाईचं.

अशोक कुमारांनी नंतर मोकळेपणाने सांगितलंय की डोळ्यांनी बोलायचं कसं हे ते लीलाबाईंकडे बघून शिकले. त्या काळात नटनट्या मोठ्याने, नाटकी बोलायच्या, ही बाई कमी बोलून काम करायची. दादामुनींसारखा, म्हणजे अशोक कुमारांसारखा नट जिला गुरू मानतो तिच्याबद्दल आपण दोन ओळी लिहितो, मला खरंच वाईट वाटलं.

आता माझा मुख्य मुद्दा. १९४८ ला 'शहीद' आला आणि त्यात लीलाबाई दिलीप कुमारची आई झाल्या. दिलीप कुमारचा जन्म १९२२ चा, लीलाबाईंचा १९०९ चा, म्हणजे तेरा वर्षांचं अंतर. त्यांचा हिरो अशोक कुमार जन्माने १९११ चा, त्यांच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. शहीदच्या पुढच्याच वर्षी, १९४९ ला, अशोक कुमार 'महल' मध्ये हिरो होते आणि हिरॉईन होती मधुबाला, सोळा वर्षांची. १९५८ ला पुन्हा दोघं 'हावडा ब्रिज' मध्ये, तेव्हा अशोक कुमार सत्तेचाळीसचे. झूलामध्ये जी जोडी प्रेमगीतं गात होती त्यातला एक जण सतरा वर्षांनीसुद्धा हिरो आणि दुसरी सात वर्षांत म्हातारी आई. यात लीलाबाईंच्या अभिनयाचा, चेहऱ्याचा काय दोष होता ते मला कुणीतरी सांगा. अशोक कुमारांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मोठा नट, पण हा हिशोब एकदा तरी छापून यायला हवा.

आणि हे फक्त लीलाबाईंच्या बाबतीत झालं असंही नाही. तोच जेलर सोहराब मोदींनी १९५८ ला परत काढला, मोदी स्वतः परत जेलर, तेव्हा साठी ओलांडलेले, हिरॉईन मात्र नवी, कामिनी कौशल. आता ही कामिनी कौशल म्हणजे कोण, तर शहीदमध्ये लीलाबाई आई होत्या तेव्हाची दिलीप कुमारची हिरॉईन. आणि १९६७ ला 'उपकार' मध्ये बघा, कामिनी कौशल मनोज कुमारची आई. मनोज कुमार १९३७ चा, कामिनी कौशल १९२७ ची, दहा वर्षांचं अंतर. एकीला बाजूला करून दुसरी आली आणि काही वर्षांत तिलाही त्याच खुर्चीत नेऊन बसवलं. तुमच्या लेखात या सगळ्या आयांचं कौतुक होतं पण या बायका इतक्या लवकर आया का झाल्या हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, माझी खरी नाराजी तिथे आहे.

एक मात्र कबूल करायलाच हवं, आईची कामंसुद्धा त्यांनी फालतू केली नाहीत. 'आवारा' आठवा. जग्गा डाकूने पळवून नेलेली जज्ज रघुनाथची बायको, म्हणजे लीलाबाई, चार दिवसांनी परत येते, दिवस राहिलेले कळतात, जज्ज रघुनाथच्या डोक्यात संशय शिरतो आणि तो भर पावसापाण्याच्या रात्री तिला घराबाहेर काढतो, मागे गाणं चालू आहे सीतेला वनवासाला धाडल्याचं, आणि ती रस्त्यावर बाळंत होते. समोर पृथ्वीराज कपूर, केवढा मोठा आवाज, केवढा धिप्पाड माणूस, लीलाबाई त्याच्यापुढे आवाज चढवत नाहीत, फक्त बघतात. तो संशय किती घाणेरडा आहे हे त्या बघण्यातून कळतं. संपूर्ण पिक्चरचा पाया त्या रात्रीवर उभा आहे, आई पटली नसती तर पुढचा राजू कुणाला पटला असता? 'गंगा जमुना' मधली गोविंदी, जमीनदाराच्या घरी राबणारी, चोरीचा आळ आला तेव्हाची, तीही तशीच. आणि 'गाईड' मध्ये तर त्या सोशिक नाहीतच. मुलगा राजू नर्तकी रोझीला घरात आणतो ते आईला मान्य नाही, ती वाद घालते आणि शेवटी स्वतः घर सोडून जाते. चूक की बरोबर ते बाजूला ठेवा, पण ती आई मुलाच्या तोंडावर नाही म्हणते. या कामाला कुणी रडूबाई म्हणत असेल तर त्याने गाईड नीट बघितलेला नाही.

मधल्या काळात त्यांनी स्वतः पिक्चर काढले, १९४२ चा 'किसी से ना कहना' त्यांच्या निर्मितीचा, आणि १९५५ ला 'आज की बात' स्वतः डायरेक्ट केला. १९५५ ला हिंदीत बाई डायरेक्टर किती होत्या? बोटावर मोजण्याइतक्या. फार चालला नाही पिक्चर, पण त्यांनी तो केला हे कुठल्या लेखात येतच नाही.

१९८० च्या दशकाच्या शेवटी त्या मुलांकडे अमेरिकेला गेल्या आणि १४ जुलै २००३ ला कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला वारल्या, नर्सिंग होममध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. १९८१ ला आलेलं त्यांचं आत्मचरित्र 'चंदेरी दुनियेत' मराठीत आहे. हंसा वाडकर आणि दुर्गाबाई यांची आत्मचरित्रं आपण आवर्जून वाचतो, त्यावर बोलतो, मग लीलाबाईंच्या पुस्तकाचं नाव का निघत नाही? तुमच्या गावच्या जुन्या वाचनालयात शोधा, मिळालं तर घरी न्या.

तर संपादकसाहेब, माझी विनंती अशी. येत्या १४ जुलैला लीलाबाईंवर एक पूर्ण पान द्या, चांगल्या अभ्यासू माणसाकडून किंवा बाईकडून लिहून घ्या, त्यात धारवाड, नाट्यमन्वंतर, छाया, जेलर, बॉम्बे टॉकीज, त्यांनी डायरेक्ट केलेला पिक्चर हे सगळं येऊ द्या, आणि आईच्या रोलला जागा असू दे पण शेवटच्या कॉलममध्ये. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हवाल्यांनाही तुमच्यामार्फत सांगणं आहे की मराठी घरातून हिंदीत गेलेल्या तीस-चाळीसच्या दशकातल्या या नट्यांचे जे पिक्चर दाखवण्यासारखे असतील ते पुण्याबाहेरसुद्धा दाखवा, सांगली, कोल्हापूर, धारवाडला बघायला येणारी माणसं नक्की आहेत. आणि त्या पानावर फोटो छापाल तो कृपा करून आईच्या रोलमधला नको, कंगन किंवा झूलाच्या वेळचा छापा.

आपली,
एक वाचक, मिरज