मजल्यावरच्या वहीसाठी विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, सांगली

विषय : एकट्या राहणाऱ्या सभासदांच्या विचारपुशीची व्यवस्था करण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात ए विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू दोन दिवस तापाने अंथरुणाला खिळून होत्या. दाराला अडकवलेल्या पिशवीत दूध तसंच राहिलेलं पाहून जिना झाडणाऱ्या मावशींनी दार ठोठावलं. शेजारच्या आम्हा कुणाला पत्ताही नव्हता. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

कारण पुरात एकमेकांना सांभाळणारी बिल्डिंगही हीच होती. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची 45 फुटांची पातळी ओलांडून कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली. आपलं पार्किंग बुडालं, वीज गेली. पण इन्सुलिन कुणाला लागतं, रात्री कुणाला धाप लागते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गच्चीवर एकाच पातेल्यात पिठलं शिजायचं. वॉचमनची बायको-मुलं आमच्या हॉलमध्ये झोपायची. मग पाणी ओसरलं, चिखल उपसला आणि दारं पुन्हा बंद झाली. जुलै 2021 मध्ये पाणी परत वाढलं, तेव्हा भाडेकरूंचे नंबरसुद्धा कुणाकडे नव्हते.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक मजल्यावर एकाने जबाबदारी घ्यावी आणि एक वही ठेवावी. त्यात घरात कोण असतं, औषधं कोणती, जवळच्या नातेवाइकाचा नंबर आणि जादा किल्ली कुणाकडे आहे, एवढंच लिहावं. भाडेकरूंनाही त्यात धरावं. ज्यांची इच्छा असेल त्यांचीच नोंद करावी, आणि ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुळीच टाकू नये. कुणाचं आजारपण चव्हाट्यावर यायला नको. जे एकटे राहतात त्यांच्या दारावर सकाळी एक टकटक व्हावी. रुग्णवाहिकेसाठी 108 आहेच, पण तो नंबर फिरवायला आधी कुणाला तरी कळायला हवं. बी विंगमधल्या आमच्या मजल्याचं काम मी आजपासून करते.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी रागानेच लिहिते आहे. लिफ्टजवळची ‘कामवाल्यांनी जिना वापरावा’ ही पाटी काढून टाकावी. काकूंचं दार ज्यांनी ठोठावलं त्या मावशी गुडघे धरत चार मजले चढतात, ते त्या पाटीमुळेच.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल, तिच्या विषयपत्रिकेवर वहीचा विषय घ्यावा, ही विनंती. वह्यांचा खर्च मी करीन. पाटीसाठी मात्र सभेपर्यंत थांबू नये.

आपली,
एक सभासद, बी विंग