मुलाच्या मनगटावरचे वळ आणि दारातली तगर: मंत्रीमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

एमडी म्हणजे मेफेड्रोन या अंमली पदार्थाच्या आहारी गेलेल्या माझ्या मुलाला गेल्या आठवड्यात एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणलं. दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. पिशवीत बिनलेबलाची प्लास्टिकची बाटली, तिच्यात काळपट काढा. 'जडीबुटी आहे, एमडीची तलफ मुळासकट जाते' असं सांगून तिचे वेगळे पैसे घेतले. काढा घेतला की छातीत धडधडतं, असं पोरगं सांगायचं, तर 'विष बाहेर पडतंय' हे उत्तर मिळायचं.

सरकारी व्यसनमुक्ती केंद्राचा शब्द आम्हाला भर सभेत, व्यासपीठावरून मिळाला होता. टाळ्या आम्हीच वाजवल्या. ते केंद्र आज कुठे आहे?

साहेब, फेब्रुवारी 2024 मध्ये सांगलीजवळ कुपवाडला एमडीचा साठा सापडला. मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच निघाला, अडीचशे कोटींच्या आसपासचा माल. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ आणखी एक. दर वेळी पुड्यांमागे उभं राहून फोटो निघाले. त्या पुड्या ज्यांच्या नाकातून आधीच गेल्या होत्या, त्यांची विचारपूस कुणी केली? माझा मुलगा रात्रभर दात खातो, गालाची आतली कातडी चावून रक्त काढतो, जेवणाचं ताट ढकलून देतो. आई म्हणून मी ते बघत बसते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अफू, हेरॉइनच्या रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधं देता येतात. कोकेन, मेथ (मेथॲम्फेटामिन), एमडी यांसारख्या उत्तेजकांच्या व्यसनावर अमेरिकेतसुद्धा एकही मंजूर औषध नाही. तेव्हापासून मी वाचत सुटले.

आफ्रिकेतल्या इबोगा झुडपाच्या मुळाच्या सालीतून आयबोगेन मिळतं. ते दिल्यावर उंदरांचं कोकेन घेणं कमी झालं. पण मोठ्या मात्रेत उंदरांच्या लहान मेंदूतल्या पेशी मेल्या आणि माणसांत हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही झाले. मग न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या शास्त्रज्ञांनी व्हरमाँटच्या रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने कोरोनॅरिडिन या वनस्पतिजन्य रसायनावरून 18-एमसी (18-मेथॉक्सीकोरोनॅरिडिन) हे नवं रसायन घडवलं. पिंजऱ्यातला उंदीर कळ दाबतो आणि अंमली पदार्थ थेट त्याच्या शिरेत जातो, अशी त्यांच्या प्रयोगाची रचना. 1996 साली त्यांनी दाखवलं की 18-एमसी दिलं की कोकेनसाठी कळ दाबणं कमी होतं, पाण्यासाठीचं मात्र होत नाही. म्हणजे जनावर गुंगीत पडत नाही, त्याची ओढच ओसरते. मेथसाठीही पुढे तसंच दिसलं. मेंदूतल्या हॅबेन्युला भागातले निकोटिनला प्रतिसाद देणारे पेशींवरचे काही ग्राही (रिसेप्टर) ते बंद करतं, असं त्यामागचं कारण सांगतात.

आणि हे कोरोनॅरिडिन कशात असतं? आपल्या दारातल्या तगरीत! सकाळी पूजेला जिची पांढरी फुलं तोडतो, तोडताना चीक बोटांना चिकटतो, त्याच तगरीत. तिच्याच कुळातला नागलकुडा आपल्या सह्याद्रीचा. झाड आमचं, व्यसनी पोरं आमची आणि प्रयोग ऑल्बनीत! टेक्सास राज्याने 2025 मध्ये आयबोगेनच्या चाचण्यांसाठी 5 कोटी डॉलर बाजूला काढले. आपल्या विद्यापीठांना, आयुर्वेद संशोधनाला यासाठी किती दिले, ते जाहीर करा.

उंदरावर जमलं म्हणून माणसावर जमेल असं नाही, हे मला कळतं. कुणी तगरीचा काढा उकळून पोराला पाजू नये, हे मी हात जोडून सांगते. पण संशोधन नाही म्हणूनच त्या बिनलेबलाच्या बाटल्या खपतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून उद्भवणारे आजारही येतात, रुग्णाला साखळदंड घालायला तो कायदा मनाई करतो. तो कायदा राबवणार कोण? तपासणीला कुणी येतं का? फलकांवर, उद्घाटनांवर कोट्यवधी उडतात. एमआयडीसीत हाताला काम नाही, बंद पडलेल्या शेडमध्ये कोण काय शिजवतं हे शेजाऱ्याला कळतं आणि यंत्रणेला कळत नाही? शिकलेली पोरं रिकामी बसवायची, विष गल्लीत येऊ द्यायचं आणि शेवटी त्यांनाच गुन्हेगार ठरवायचं. पक्ष बदलले, खुर्च्या बदलल्या, आमच्या घरातली रात्र तीच आहे.

सांगलीत सरकारी खाटा, त्या काढ्यांची प्रयोगशाळेत तपासणी आणि तगर-नागलकुड्यावरच्या संशोधनाला पैसा, एवढं मागते. उत्तर लेखी आणि तारखेसह हवं. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे' एवढ्यावर माझी बोळवण करू नका.

आपली,
एक आई
विश्रामबाग, सांगली