कॅमेरा आणण्याआधी

निपाणी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

विडी वळणाऱ्या बायकांवर पहिला माहितीपट करण्याचे तू ठरवलेस, हे वाचून फार समाधान वाटले. मात्र एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे.

तुझी आजी बरीच वर्षे तंबाखूच्या वखारीत चाळणीच्या कामावर होती. मी शाळेत असताना काही मंडळी तिचे चित्रण करायला घरी आली होती. त्यांनी तिला अंगणात बसवले, सुपात तंबाखू घ्यायला लावली, आणि खकाण्याने, म्हणजे तंबाखूच्या बारीक धुळीने, तिला खोकल्याची उबळ आली तेव्हा कॅमेरा अगदी तोंडाशी नेला. मजुरी किती मिळते, वखारीत बायकांना कसे बोलले जाते, बायकांनी एकजूट करून काय मिळवले, हे ती तळमळीने सांगत होती. त्यातले काय त्यांनी ठेवले, हे तिला मरेपर्यंत कळले नाही, कारण ती मंडळी पुन्हा आलीच नाहीत. ‘माझं खोकलणं तेवढं नेलं का गं त्यांनी?’ असे ती पुढे कित्येकदा विचारायची.

याच गावात दुसऱ्या तऱ्हेनेही काम झालेले आहे. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने 1982 मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांबरोबर ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला आणि त्यात बायकांनी आपला लढा आपल्या तोंडाने सांगितला. तो आधी पाहा. त्यातले प्रसंग उचलण्यासाठी नव्हे. बाई कॅमेऱ्यासमोर कामगार म्हणून उभी राहते तेव्हा तिची मान कशी असते, ते पाहण्यासाठी.

निपाणी म्हटले की लोकांना 1981 चे शरद जोशींच्या नेतृत्वाखालचे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन, महामार्गावरचा ठिय्या आणि गोळीबार आठवतो. ते आठवायलाच हवे. पण त्या तंबाखूला भाव मिळाल्यावर ती चाळणाऱ्या आणि वळणाऱ्या हातांना काय मिळाले, हा प्रश्न तुझ्या माहितीपटाचा कणा व्हावा, असे मला वाटते. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार मानले होते. तेव्हा तिला दुःख विचारण्याआधी हिशेब विचार: पान किती मिळाले, हजार विड्यांना किती पैसे पडले, खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या आणि त्या कोणी ठेवून घेतल्या. दुःख काय आहे, ते त्या हिशेबातच कळेल.

सीमाभागात कॅमेरा दिसला की माणसे आधी सीमाप्रश्नावर बोलू लागतात. 1956 पासूनची ती जखम आपल्याही घरात आहे आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणून तो विषय निघाला तर तोडू नकोस. पण विड्या वळायला एकाच कट्ट्यावर मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या बायका बसतात, आणि हजारीचा दर कोणालाही भाषा पाहून मिळत नाही. तिघींनाही आपापल्या भाषेत बोलू दे. उपशीर्षके लिहिताना आपल्या बायकांची बोली पुस्तकी करू नकोस. ‘खकाणा’ हा शब्द गेला तर त्याबरोबर आजीची वखारही जाईल.

तांत्रिक गोष्टी तू माझ्याहून चांगल्या जाणतोस. तरी ज्या अंधाऱ्या सोप्यात ट्यूबलाइट लावून विड्या वळल्या जातात, तिथे चित्र लुकलुकू नये म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवावे लागते, हे तूच मला सांगितले होतेस, त्याची आठवण करून देते. पत्र्याच्या मापावर पान कापणाऱ्या कात्रीचा आवाज वेगळा टिपून ठेव. मला तो झोपेतही ओळखता येतो.

मागच्या आळीतल्या मावशींना मी विचारले. त्या तयार आहेत, पण त्यांच्या दोन अटी आहेत. धाकट्या मुलीचे लग्न ठरायचे आहे, म्हणून चेहरा दाखवायचा नाही, हातच दाखवायचे. आणि जोडलेले चित्रण इतर कोणालाही दाखवण्याआधी त्यांच्या सोप्यात लावून दाखवायचे, त्यातले त्या जे काढायला सांगतील ते काढायचे. मी तुझ्या वतीने दोन्ही कबूल केल्या आहेत. तुझ्या आजीला हे विचारणारे कोणी नव्हते.

पहिल्या खेपेस कॅमेरा न आणता ये. त्या तुला आधी पान कापायला बसवणार आहेत.

तुझी,
आई