डॉक्टर, तुम्ही आधी ट्यूबलाइट बंद केलीत

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

हे तुम्हाला एकटीला लिहिता आलं असतं. पण माझ्यासारखं ऑटिस्टिक आणि नैराश्यात असलेलं कुणी आज गोळ्यांची पट्टी हातात घेऊन अडून बसलं असेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पहिल्या भेटीत मी डोळ्यांवर हात धरूनच खोलीत आले. तुम्ही काही न विचारता उठलात आणि ट्यूबलाइट बंद केलीत. मग 'कसं वाटतंय?' असंही विचारलं नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. तुम्ही विचारलंत, 'वर्षापूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही, असं काय काय आहे?' मी लिहून दिलं: केस धुणं, फोन उचलणं, दोन माणसं एकदम बोलत असताना त्यातलं काही समजणं, सुरू केलेलं वाक्य पुरं करणं. तो कागद तुम्ही दोनदा वाचलात.

त्याआधी एका ठिकाणी मला सांगितलं होतं, बाहेर पडा, चार लोकांत मिसळा. मी मिसळले. दर वेळी पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले आणि दोष मी स्वतःला दिला. नुसत्या नैराश्यात हा सल्ला उपयोगी पडतो, पण वर्षानुवर्षं 'नॉर्मल' दिसण्याच्या धडपडीने आलेल्या ऑटिस्टिक बर्नआउटमध्ये, म्हणजे पार गळून गेल्यासारख्या थकव्यात, तोच माणसाला आणखी खचवू शकतो, हे मला तुमच्याकडून कळलं. मला शेवाळ्यांबद्दल वाचायचं वेड आहे. तुम्ही विचारलंत, 'वाचावंसं वाटतं पण झेपत नाही, की वाटतच नाही?' सुरुवातीला झेपत नव्हतं. नंतर वाटेनासंच झालं. म्हणजे थकवा आधीचा, नैराश्य त्यावर चढलेलं. इतकी वर्षं हा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

गोळ्यांबद्दलच्या माझ्या शंका दोन पानं भरून होत्या. पूर्वी चार महिने घेतलेली गोळी मी एका दिवसात बंद केली होती आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होत राहिलं होतं. ते ऐकून तुम्ही रागावला नाहीत. ऑटिझमवर गोळी नाही, ही नैराश्यासाठी आहे, हे आधी स्पष्ट केलंत. 2009 साली 149 ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीच्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट अस्वस्थपणा आणि झोपेच्या तक्रारी वाढल्या, हे मी वाचलं होतं. तुम्ही ते नाकारलं नाहीत. ती चाचणी एकच कृती पुन्हा पुन्हा करण्याच्या सवयीसाठी होती, नैराश्यासाठी नव्हती, आणि ऑटिस्टिक प्रौढांच्या नैराश्यावर अभ्यास फारच थोडे आहेत, असं सरळ सांगितलंत. त्या 'थोडे आहेत'मुळे माझा तुमच्यावर विश्वास बसला.

मग सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या 25 मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा. त्रास आधी जाणवेल, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील. आतून तगमग वाढली, एका जागी बसवेना किंवा जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं, तर त्याच दिवशी कळवायचं. मला फोन जमत नाही म्हणून मेसेज चालेल म्हणालात. मनातलं मला ओळखता येत नाही, तेव्हा वहीत रोज चारच नोंदी: झोप, अंघोळ, जेवण, वाचलेली पानं.

पाचव्या आठवड्यात वाचलेल्या पानांपुढे शून्याऐवजी 3 आलं. मी तो आकडा बराच वेळ बघत बसले.

थकवा मात्र गोळीने गेला नाही. तो तुमच्या पत्रामुळे मिळालेल्या कमी तासांच्या कामाने, कानांवरच्या हेडफोनने आणि घरी मुखवटा उतरवून बसण्याने कमी होतोय, फार सावकाश. अजूनही फोन उचलवत नाही.

त्या दिवशी माझ्या यादीच्या पाठीमागे तुम्ही लिहिलं होतंत, 'थांबवावंसं वाटेल तेव्हा आधी मला कळवा, आपण मिळून हळूहळू कमी करू.' तो कागद मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे.

मनापासून आभार.

तुमची एक पेशंट