जुन्या बँडनी नवी गाणी जरूर करावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या रॉक बँडनी आता नवी गाणी कशाला करायची, लोकांना जुनीच हवी असतात, असं अनेकांना वाटतं. सोलापुरातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांनाही हाच सल्ला मिळतो. तो आम्हाला मान्य नाही. ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडनी २०२३ साली, त्यांचे गायक मिक जॅगर ऐंशीचे झाले तेव्हा, १८ वर्षांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा अल्बम काढला. रेंगाळलेलं काम मुदत ठरवल्यावर आणि तरुण निर्माता आणल्यावर मार्गी लागलं. २०२१ साली निवर्तलेले ड्रमर चार्ली वॉट्स त्यातल्या दोन गाण्यांत ऐकू येतात, कारण तेवढं वादन आधीच मुद्रित झालं होतं. वयस्कर वादकांचं रेकॉर्डिंग पुढे ढकलू नये ते यासाठीच.

नवं गाणं मुद्रित करताना सगळ्यात मोठी चूक पट्टीची होते. काळी दोनमध्ये गायकाला ताण पडत असेल तर अर्ध्या सुराने खालची पांढरी दोन घ्या, आणि हे पहिलं वाद्य मुद्रित होण्याआधी ठरवा. सॉफ्टवेअर सूर जागेवर आणतं, गळ्यातला ताण काढत नाही. गिटार अर्ध्या सुराने उतरवली की तारा सैल पडतात. दहा नंबरच्या जागी अकरा नंबरचा, म्हणजे जाड तारांचा संच लावावा.

रेकॉर्डिंगच्या खोलीसाठी आपली सोलापुरी चादर उत्तम. भिंतीला चिकटवून नको, चार इंच पुढे टांगावी. झांजांचा कर्कशपणा कमी होतो, बेसची घुमघुम मात्र जात नाही, म्हणून बेसचा अँप कोपऱ्यात ठेवू नये. ड्रमला चार माइक पुरतात: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) आणि वरचे दोन. वरच्या दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर सुतळीने मोजून सारखं ठेवा, नाहीतर स्नेअर पोकळ वाजतो. पंखा बंदच हवा. उन्हाळ्यात त्यामुळे खोली तापते आणि तारा उतरतात. प्रत्येक टेकआधी (मुद्रणासाठीच्या प्रत्येक वादनाआधी) ट्यूनिंग तपासावं.

क्लिकची, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठेक्याच्या टिकटिकीची, सवय नसलेल्या ड्रमरला क्लिक देऊ नये, हात आखडतो. सगळ्यांनी एकत्र तीन-चार टेक वाजवावेत. पुढे संपादन अवघड जातं, पण वर्षानुवर्षांची जुळलेली लय टिकते, आणि तीच तर तरुण बँडकडे नसते! शेवटी गाणं दाबून मोठं करू नये. स्पॉटिफाय ते साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) खाली आणतं. मोठेपणा जातो, ड्रमचा ठोसाही गेलेलाच असतो.

गीतकार-संगीतकारांचे वाटे मात्र गाणं प्रसिद्ध करण्याआधीच लिहून आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करून वाटणारी संस्था) नोंदवावेत.

आपले,
काही वादक व ध्वनिमुद्रक, सोलापूर