मा. केंद्रीय गृहमंत्र्यांना खुलं पत्र: लायसन्सची बंदूक घेऊन हद्दीवरचा व्हाळ ओलांडायचाय

माननीय गृहमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला बागायतदार. आमचं घर महाराष्ट्रात, आणि घरामागचा व्हाळ (म्हणजे ओढा) ओलांडला की गोवा, डिचोली तालुका. व्हाळाच्या अलीकडे वडिलांची काजू आणि थोडी सुपारी, पलीकडे आईच्या वाटणीला आलेली दोन एकर, त्यात केळी आणि माड. दोन्ही जमिनींमध्ये अंतर म्हणाल तर चारशे मीटर, हाक मारली तर ऐकू येते. आमच्याकडे अशी घरं भरपूर आहेत कारण 1961 पर्यंत पलीकडे पोर्तुगीज होते तरी सोयरिकी चालूच होत्या, देव एकच होते, आजही आम्ही बाजाराला गोव्यात म्हापशाला जातो आणि कोण सिरियस झालं तर गाडी पहिली गोव्यातल्याच बांबोळीच्या हॉस्पिटलला पळते.

घरात शेतीसंरक्षणाची बंदूक आहे. एकनळी, बारा बोअर, वडिलांच्या नावावर 1987 पासून. वडिलांनी सत्तरी ओलांडली तेव्हा 2016 च्या आर्म्स रूल्समध्ये वारसाला देण्याची जी सोय आहे त्याप्रमाणे 2021 ला ती रीतसर माझ्या नावावर झाली. पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट सगळं केलं, युनिक नंबर पडला, शस्त्रपरवान्यांच्या नॅशनल डेटाबेसमध्ये माझं नाव चढलं. फक्त लायसन्सवर जिथे एरिया लिहितात तिथे आहे 'सिंधुदुर्ग जिल्हा'. म्हणजे व्हाळाच्या अलीकडच्या काठावर मी परवानाधारक शेतकरी आणि तीच बंदूक खांद्याला लावून पलीकडच्या काठावर गेलो की मी गुन्हेगार. विनापरवाना शस्त्राचं कलम लावलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षं आणि 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मला दोन पोरी आहेत साहेब, मी ही रिस्क घेत नाही, आजपर्यंत एकदाही घेतलेली नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये पलीकडच्या केळीत डुकरांचा कळप शिरला. एका रात्रीत 180 झाडं गेली, कंदासकट उकरून टाकलेली, सकाळी जाऊन बघितलं तर पॉवर टिलर फिरवल्यासारखी जमीन. आवाज मला रात्री अंथरुणात ऐकू येत होता. मी बॅटरी घेऊन पळत गेलो, डबे वाजवले, फटाके लावले, ती थोडी मागे सरायची आणि परत यायची. बंदूक घरात कपाटात होती. हवेत दोन बार काढले असते तर कळप गेला असता हे मला अनुभवाने माहितीये कारण अलीकडच्या काजूत आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलो. बाहेरच्या लोकांना वाटतं शेतकरी बंदूक मारायला वापरतो, पण शंभरातल्या नव्वद वेळा ती फक्त आवाजासाठी असते. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते ते आम्हाला पाठ आहे, आणि हत्ती-गव्याकडे तर कोणी नळी वळवायचा विचारसुद्धा करू नये.

तर जानेवारी 2024 मध्ये मी अर्ज केला, की माझ्या लायसन्सचा एरिया पलीकडच्या फक्त एका तालुक्यापुरता वाढवून द्या. सोबत इकडचा सात-बारा, तिकडचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बाराच तो), दोन्ही ग्रामपंचायतींचे दाखले आणि पंचनाम्याची कॉपी जोडली. एका ऑफिसात सांगितलं हे आमच्या हातात नाही, पलीकडून एनओसी आणा. पलीकडच्या ऑफिसात म्हणाले लायसन्स आमचं नाही मग एनओसी कशाची देऊ. परत अलीकडे आलो तर म्हणे वर मंत्रालयात विचारावं लागेल, कोणाला विचारायचं ते मात्र सांगेनात. सात फेऱ्या झाल्या. कोणी उद्धट बोललं नाही की पैसे मागितले नाहीत, हेही सांगायला हवं, उलट एक क्लार्क बाई मनापासून रूल्सचं पुस्तक उघडून शोधत बसल्या होत्या. पण समोरच्या माणसालाच माहीत नाही की ह्या अर्जाचं करायचं काय, आणि बंदुकीचा विषय असल्यामुळे सही करायला प्रत्येक जण घाबरतो.

त्यात 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस स्टेशनला जमा झाली. ती परत मिळाली जूनमध्ये. मार्च ते मे म्हणजे आमचा काजूचा सीझन हो साहेब, वर्षाचा सगळा पैसा त्या तीन महिन्यांत, माकडं-वानरं झाडावर आणि नेमकी तेव्हाच बंदूक घरात नाही. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नसतात, कोणाची खरंच घ्यायला हवी ते स्क्रीनिंग कमिटीने बघून ठरवायचं असतं, तशी पद्धत निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्येच आहे. आमच्याकडे फोन येतो आणि अख्खा गाव रांगेत उभा राहतो. हद्दीवरच्या माणसाला ह्यात अजून एक गुंता आहे. गोव्याची विधानसभा फेब्रुवारी 2022 ला झाली, आमची नोव्हेंबर 2024 ला. उद्या मला दोन्हीकडची परवानगी मिळाली तर दोन्हीकडच्या आचारसंहितेत बंदूक जमा करायची का, पावती कोणाची धरणार, हे आत्ताच लिहून ठेवायला पाहिजे.

मी हे पत्र राज्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय कारण शस्त्रं हा विषय घटनेने केंद्राच्या यादीत टाकलाय. 1959 चा आर्म्स ॲक्ट केंद्राचा, रूल्स केंद्राचे, आणि त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये स्पष्ट लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरत नसेल तर दुसरी स्मूथबोअर (आतून गुळगुळीत नळीची) बंदूक देता येते. म्हणजे शेतकऱ्याची गरज कायद्याला 1959 पासून मान्य आहे. त्या शेतकऱ्याचं शेत दोन राज्यांत पसरलेलं असू शकतं एवढाच विचार कोणी केलेला नाही.

माझा आतेभाऊ कॅनडात आल्बर्टाला असतो. त्याने सांगितलं की तिकडे शिकारीच्या सीझनला अमेरिकेतून लोक स्वतःच्या रायफली घेऊन गाडीने येतात. बॉर्डरवर एक डिक्लेरेशन फॉर्म असतो, बंदुकीची माहिती आधी भरून आणायची, सही मात्र ऑफिसरसमोर करायची, ठरलेली फी भरायची, आणि तो कागद 60 दिवस चालतो. मला तिकडची शिकार इकडे आणायची नाहीये, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौक बंद केला ते चांगलंच केलं. पण दोन वेगळे देश, दोन वेगळे कायदे, आणि तरी प्रामाणिक माणसाला कळतं की कुठल्या खिडकीवर जायचं, काय लिहायचं आणि किती पैसे भरायचे. इथे देश एक, कायदा एक, डेटाबेससुद्धा एक, आणि मला अजून ती खिडकी सापडलेली नाही.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये (कूर्गमध्ये) कोडवा लोकांना त्यांच्या परंपरेमुळे लायसन्समधूनच सूट आहे, केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवून दिलीये. आम्ही सूट अजिबात मागत नाही. उलट आमच्यावर जास्त नजर ठेवा. ज्याच्या नावावर किंवा जवळच्या घरच्यांच्या नावावर दोन्हीकडे जमीन आहे, जो स्वतः कसतो, त्यालाच लायसन्स रिन्यू होताना शेजारच्या राज्यातल्या त्या एका तालुक्याचा एरिया जोडून द्या. नेताना बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या पिशवीत, ठरलेल्या वाटेनेच, आणि वाट अभयारण्यातून जात असेल तर नाहीच. निघताना मोबाईलवरून दोन्ही पोलीस स्टेशनला एक मेसेज जाऊ दे, युनिक नंबरसकट. नाक्यावरच्या हवालदाराने तो नंबर टाकला की माझा फोटो, बंदुकीचा नंबर, एरिया सगळं दिसलं पाहिजे. डेटाबेस करताना आमच्याकडून एवढे कागद घेतले ते ह्यासाठीच ना.

काही लोक म्हणतील अशी वाट उघडली तर शिकारी टोळ्या तिचाच फायदा घेतील. ही भीती खोटी नाही. रात्री जीपवर फोकस लावून येणारे आम्ही पाहिलेत, त्यांचा सगळ्यात जास्त त्रास आम्हालाच होतो कारण त्यांनी जखमी केलेलं डुक्कर सकाळी आमच्या बायका-माणसांच्या अंगावर येतं. पण त्यातला कोणी एरिया वाढवून मागायला ऑफिसात येत नाही, ती माणसं गावठी बंदूक घेऊन आजही हद्द ओलांडतात. जो कागद मागतोय त्याला अडवून त्या टोळ्या थांबत नाहीत. आणि मला ह्याची जास्त काळजी वाटते की माझ्यासारखे दोन-चार जण कंटाळून एक दिवस बंदूक गोणपाटात गुंडाळून रात्री व्हाळ ओलांडतील. मग सरळ माणूस आणि चोर ह्यातला फरक पोलिसाने अंधारात ओळखायचा कसा?

तिलारीचं धरण दोन्ही राज्यांनी मिळून बांधलं, पाणी वाटून घेतलं, कालवा हद्द ओलांडून आमच्या डोळ्यांसमोर गोव्यात जातो. हत्ती 2002 पासून कर्नाटकातून आमच्याकडे यायला लागले आणि ओंकार हत्ती 2025 मध्ये इकडून गोव्यात गेला. हद्दीवर राहणाऱ्याच्या आयुष्यातलं पाणी, जनावरं, बाजार, दवाखाना, सोयरे सगळं दोन्हीकडे आहे. शेत राखायची परवानगी तेवढी एकाच बाजूला.

माझे वडील आता म्हणतात, "बंदूक घराकच ऱ्हवांदे, उगाच भानगड नको." त्यांनी पस्तीसेक वर्षं ती बंदूक सांभाळली, तेल लावलं, दर रिन्यूअलला वेळेच्या आधी हजर राहिले, एकाही काडतुसाचा हिशोब चुकला नाही. त्या माणसाला म्हातारपणी कायद्याची भीती वाटते ह्याचं मला खूप वाईट वाटतं.

पलीकडची दोन एकर गेल्या वर्षी आम्ही केळी न लावता तशीच ठेवली. ह्या पावसाआधी लावायची की नाही ते ठरवायचंय, कंदांची ऑर्डर मे महिन्यात द्यावी लागते. जानेवारी 2024 च्या अर्जाची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, दोन्ही उतारे आणि पंचनामाही आहे. तुमच्या ऑफिसातून कोणी मागितलं तर त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक बागायतदार