यीस्ट जिवंत आहे का, हे आधी पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंडईत जांभळे आली की घरगुती फळांच्या वाइनच्या पाककृती हातोहात फिरू लागतात. त्यांपैकी बहुतेकींत ‘चिमूटभर यीस्ट घालावे, नसल्यास मूठभर गहू किंवा मनुका’ असे मोघम लिहिलेले असते. शहरातील एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून मी बरीच वर्षे काम केले असल्याने या एका ओळीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. (महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई आहे, हेही अशा पाककृतींसोबत छापले गेले पाहिजे.)

यीस्टची पूड मिठासारखी किंवा सोड्यासारखी दिसते, म्हणून ती कितीही दिवस टिकेल असा समज होतो. प्रत्यक्षात त्या वाळवलेल्या, पण जिवंत पेशी असतात आणि उष्णतेने व दमटपणाने त्या मरत जातात. फोडलेले पाकीट एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावरच्या फळीवर राहिले, की त्यातल्या बऱ्याचशा पेशी गेलेल्या असतात. सगळ्याच मेल्या असत्या तर रस मुळीच फसफसला नसता आणि चूक लगेच कळली असती. खरी अडचण अर्धवट मेलेल्या यीस्टची आहे. रस दोन-तीन दिवस नुसताच पडून राहतो आणि तेवढ्या अवधीत बुरशी, व्हिनेगर करणारे जिवाणू व रानटी यीस्ट त्यात घर करतात. नेलपॉलिशसारखा वास आला, तर असे काही झाले आहे असे समजावे.

आमच्या विभागात एकदा प्रात्यक्षिकासाठी आदल्या वर्षी फोडलेले यीस्ट वापरले गेले. जांभळाचा रस तिसऱ्या दिवशी फसफसू लागला आणि आठवडाभरात शांत झाला, तेव्हा काम पुरे झाले असे मानून विद्यार्थ्यांनी तो बाटल्यांत भरून बुचे घट्ट लावली. काही दिवसांनी सोमवारी सकाळी खोली उघडली, तर एक बाटली फुटलेली, भिंतीवर छतापर्यंत जांभळे डाग आणि काचा पार खिडकीपर्यंत उडालेल्या. सुदैवाने खोलीत कोणी नव्हते. उरलेल्या बाटल्यांतील रसाची घनता हायड्रोमीटरने मोजली, तेव्हा साखर भरपूर शिल्लक असल्याचे दिसले. थकलेले यीस्ट मध्येच थांबले होते आणि बंद बाटलीत पुन्हा जागे होऊन त्या साखरेपासून वायू तयार करू लागले होते. बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली असे नव्हे, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

पावाचे यीस्ट चालते का, असे अनेक जण विचारतात. ते वाइनच्या यीस्टच्याच जातीचे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी असते. वाण मात्र वेगळा. अल्कोहोल साधारण 8 ते 10 टक्क्यांवर गेले की ते दमते, तर वाइनचे कित्येक वाण 14 टक्के किंवा त्याहून पुढेही काम करतात. शिवाय पावाच्या यीस्टचा गाळ घट्ट बसत नाही. म्हणून ते वापरल्यास साखर बेतानेच असावी. गहू आणि मनुका यांच्यावर नैसर्गिक यीस्ट असेलच याची खात्री नसते, आणि बेकिंग पावडर तर मुळीच यीस्ट नव्हे. तिने फेस येतो आणि फळाची आंबट चव मात्र मारली जाते.

यीस्टची परीक्षा सोपी आहे. अर्धा कप कोमट, म्हणजे 35 ते 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवून त्यात थोडे यीस्ट टाकावे. दहा-पंधरा मिनिटांत वर दाट फेस आला नाही, तर ते रसात घालू नये. तरीही ते फेकून द्यायला नको: पाण्यात उकळून गार केलेले मेलेले यीस्ट नव्या यीस्टला खाद्य म्हणून उपयोगी पडते.

आपल्याच शहरात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तेथे यीस्टचे वाण वर्षानुवर्षे काळजीपूर्वक जिवंत राखले जातात. त्याच शहरात बेकरीच्या सामानाबरोबर सुटे यीस्ट प्लास्टिकच्या पिशवीत, कसलीही तारीख न लिहिता विकले जाते, याचे मला फार वाईट वाटते. दुकानदारांनी निदान मूळ पाकीट कधी फोडले ती तारीख पिशवीवर पेनने लिहून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, कोथरूड, पुणे